इमील मास्तरांचा बाजा

तांब्याची घागर घ्यायची तर माणूस काय बघतं? जड आहे का, बूड सपाट आहे का, कुठं डाग दिलाय का. आमचे इमील मास्तर घागर उलटी करायचे, बोटाच्या पेरानं तिच्यावर टकटक करायचे आणि डोळे मिटून ऐकत बसायचे. नांदेडच्या भांडेबाजारात एकदा दुकानदारानं त्यांच्यापायी एकेक करत सगळ्या घागरी खाली काढल्या. रस्त्यावर ही गर्दी! शेवटी मास्तरांनी एक निवडली. "वहिनी, ये गाती," असं मला मोठ्या खुशीत म्हणाले. घरी आणून पाणी भरलं तर बुडातून धार लागलेली. मी म्हटलं, "अहो मास्तर, ही गळकी आहे. बदलून आणा." तर म्हणे, "डाग दिला की गप्प होईल." त्यांनी ती बदलली नाही की दुरुस्त केली नाही. तिच्यात ज्वारी भरून ठेवायचे आणि रोज पसाभर काढताना एकदा वाजवून बघायचे.

असा हा माणूस. स्वित्झर्लंडचा. आमच्या समोरच्या दोन खोल्यांत त्यांचं बिऱ्हाड होतं. मी उदगीरहून नवी नवरी होऊन आले तेव्हा गल्लीत दोन मास्तर होते. आमचे हे पोरांचे मास्तर आणि समोरचे बाजाचे.

त्यांच्या देशात ते नावाजलेले होते म्हणे. स्वतः संगीत रचून कागदावर उतरवायचे आणि शेकडो लोकांच्या सभेत, वाजवणाऱ्यांसमोर उभं राहून हातातल्या काडीनं ते वाजवून घ्यायचे. आमच्याकडचा एक जहागीरदार विलायतेच्या सफरीत हे ऐकून असा काही खुळावला की त्यानं मास्तरांनाच उचलून हैदराबादेत आणलं. पुढं जहागीरदार वारला. त्याच्या मुलाला बाजापेक्षा मोटारीचा शौक. त्यानं जुनी पितळी वाद्यं मास्तरांच्या पदरात टाकली आणि वाट दाखवली. दुसरा कुणी असता तर बोटीत बसून सरळ आपल्या आईकडं गेला असता. मास्तर नांदेडला आले. का? तर जहागीरदाराच्या बाजात क्लॅरोनेट वाजवणारे रहीमचाचा नांदेडचे होते, आणि असा फुंकणारा माणूस माझ्या सगळ्या मुलुखात नाही, असं मास्तरांचं म्हणणं होतं.

भाषा त्यांची रहीमचाचांकडून आलेली दखनी, तिला आमच्या गल्लीतल्या मराठीची फोडणी. 'हाव', 'नक्को', 'कायकू' हे तर तोंडात बसलेलंच. एवढा गोरापान, उंच, पिंगट दाढीचा माणूस भाजीवालीला "मावशे, लई महाग सांगून राहिली तू" म्हणायला लागला की ती बिचारी हसता हसता दोन वांगी जास्तच टाकायची.

आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, मात्र त्यांच्याशी जमत नसे. कारण दूध. मास्तर म्हशीचं चांगलं शेरभर दूध घेत, मुद्दाम नासवत, फडक्यात बांधून खुंटीला टांगत आणि महिनाभर तसंच ठेवत. त्याचा वास कसा होता ते विचारू नका. "अगं, नासलं तर आपण गपचूप फेकून देतो," आत्याबाई म्हणायच्या, "अन् हा मेला अंगानं नासवून खातो!" मास्तरांनी एकदा त्यातला तुकडा ताटलीत घालून, वर रुमाल टाकून, मोठ्या अदबीनं आणून दिला. आत्याबाईंनी तो चिमट्यानं उचलला आणि वर ओसरी सारवली. मास्तरांना राग? छे! दुसऱ्या महिन्यात पुन्हा आणून दिला. म्हणाले, "इस बार अच्छा जमा, आई."

त्यांचा बाजा जमायचा जिनिंगच्या शेडमध्ये. कापसाचा हंगाम सरला की शेड रिकामी असायची. रहीमचाचा होते, सनईवाला गंगाराम होता, जहागिरीतले दोन-तीन जुने लोक होते, आणि ढोलावर होता सटवा. हे सगळे लग्नात वाजवणारे. त्यांनी मास्तरांच्या नाकी नऊ आणले, ते वाजवता येत नव्हतं म्हणून नव्हे. ते बघायचे भलतीकडंच. मास्तर काडी हलवतायत आणि सटवाची नजर जमिनीला!

"सटवा, इधर देख," मास्तर म्हणायचे.

"मास्तर, आमी नवरदेवाच्या घोड्याच्या पायाकडं बघून वाजवितो," सटवा म्हणाला. "घोडा धिमा तर हात धिमा, घोडा नाचला तर हात नाचला. बापजाद्यापासून तसंच हाय. हितं घोडाच न्हाई तर बघावं कुठं?"

मास्तरांनी काडी खाली ठेवली, थोडा विचार केला आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "मेरेकू देख. मी घोडा."

शेड हसून हसून आडवी झाली. गावात पोरं 'घोडामास्तर' म्हणून ओरडायला लागली. पण त्या दिवसापासून सटवानं मान वर केली ती केली. मास्तरांच्या खांद्याची जराशी हालचाल झाली तरी त्याची टिपरी जागच्या जागी थांबायची. आमचे हे एकदा बघून आले आणि म्हणाले, "माझ्या वर्गातली पोरं अर्धी जरी अशी बघतील ना, तर मी पेढे वाटीन."

मग घंटांचा तो प्रकार झाला. आमच्या गल्लीतल्या गाई सकाळी एकत्र रानात जात आणि दिवेलागणीला एकत्र परत येत. मास्तर त्या वेळी ओट्यावर बसून त्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकायचे. त्यांच्या गावी डोंगरावरून गाई उतरतात तेव्हा असाच आवाज येतो, असं सांगायचे. पण एकदोन घंटा त्यांच्या कानाला टोचत. एके दिवशी या गृहस्थांनी काय करावं? पहाटे गुराख्याला फितवून सगळ्या गाईंच्या घंटा अदलाबदल केल्या, काही बाजारातून नव्या आणून बांधल्या. संध्याकाळी कळप आला तो खरंच काय गोड वाजत आला! आणि मग गल्लीत एकच हलकल्लोळ. गाईला घर कळतं हो, पण घरातल्या वासराला आईची घंटा कळते. आमचं वासरू दावं तोडून कुलकर्ण्यांच्या गाईला जाऊन भिडलं आणि लाथ खाऊन परत आलं. त्यांचं आमच्या न्हाणीत घुसलं. गाई पान्हा चोरून उभ्या, बायका पदर खोचून रस्त्यावर, आणि सगळ्यांच्या तोंडी मास्तरांचा उद्धार.

मास्तरांनी दारोदार हात जोडले. कुठली घंटा कुणाची हे आम्हाला कुणालाच नीट सांगता येईना. त्यांनी ती नुसत्या आवाजावरून ओळखून ज्याच्या त्याच्या गाईला परत बांधली. आमच्या दारात आले तेव्हा वासरू त्यांचं धोतर चाटत होतं. हो, घरी ते धोतर नेसत. मला म्हणाले, "वहिनी, वासरू बरोबर आहे. सूर नुस्ता गोड असून काय उपयोग? तो आपल्या आईचा पाहिजे."

त्यानंतर कित्येक दिवस ते शेडमध्ये गेले नाहीत. दार लावून लिहीत बसले. बाहेर आले ते एक मोठी रचना घेऊन. त्यांच्या देशातली वाद्यं डोक्यात ठेवून त्यांनी आजवर बरंच लिहिलं होतं. ही मात्र गंगारामच्या सनईसाठी, रहीमचाचांच्या क्लॅरोनेटसाठी आणि सटवाच्या ढोलासाठी होती. गाई घरी परत येतात त्याचं ते संगीत. "ये लोग दुनिया में यहीच हैं," मला म्हणाले. "दूसरी जगह ये बजेगाच नहीं."

आणि नेमकं तेव्हाच ते लातूरचं लग्न आलं.

लग्न माझ्या चुलत बहिणीचं. नवरामुलगा लातूरच्या आडत्याचा. बाजा मीच सुचवला होता, आणि आजही कुणी विचारलं तर छाती काढून सांगेन की मीच सुचवला होता. वरात निघाली. गंज गोलाईच्या चौकात मास्तरांनी हौसेनं बाजा थांबवून एक गत धरली. काय सुंदर चालली होती! इतक्यात कुणीतरी फटाका लावला. घोडा बुजला आणि नवरदेवाला घेऊन जो निघाला तो थेट मांडवापर्यंत. मागं वऱ्हाडी धावले. करवल्या धावल्या. आणि बाजा? बाजा चौकातच! सगळ्यांच्या नजरा मास्तरांवर, आणि मास्तरांची काडी अजून वरच. ती गत पुरी करूनच ते हलले. इकडं नवरदेव मांडवाच्या दारात वाजंत्रीविना, एखाद्या चुकार पाहुण्यासारखा उभा.

"सटवा, घोडा गेला तर तू पळाला काहून न्हाई?" आडत्या ओरडला.

सटवानं मास्तरांकडं बोट दाखवलं. "घोडा हितंच हाय की मालक."

मी तोंडात पदर कोंबून हसले. आडत्या मात्र हसला नाही. वाजंत्रीविना मुलगा मांडवात आला, हा अपशकुन आणि वर चारचौघांत शोभा. तो वजनदार माणूस. त्यानं थेट नांदेडच्या कचेरीत तक्रार लावली. हा गोरा कोण? कुणाच्या इजाजतीनं राहतो? जर्मन बोलतो म्हणे. तिकडं मोठी लढाई चाललेली. असल्या गोऱ्यांना धरून कुठंकुठं तारांच्या कुंपणात ठेवत असल्याचं कानावर येत होतं. मास्तरांना कचेरीत बोलावणं आलं. स्वित्झर्लंड म्हणजे जर्मनी नव्हे, हे तिथं कुणाला पटेना. जहागीरदार वारल्यावर त्यांच्यासाठी जामीन राहायलाही कुणी उरलं नव्हतं.

अव्वल तालुकदार, म्हणजे आताचे कलेक्टर, माणूस दर्दी होते. ते म्हणाले, "बाजेवाला आहे म्हणतो ना? मग आमच्यासमोर वाजवू दे. ऐकून ठरवू." ठेवायचं की मुलुखाबाहेर काढायचं, ते त्या एका संध्याकाळवर आलं. आमच्या तोंडचं पाणी पळालं. मास्तर मात्र खूश! त्यांची ती रचना पहिल्यांदा लोकांपुढं वाजणार होती ना.

आदल्या दिवशी कचेरीतले पेशकार शेडमध्ये अदब शिकवायला आले. सलाम कसा करायचा, मागं कसं सरकायचं, सगळं सांगितलं. बाजा कुठं बसेल, मास्तर कुठं उभे राहतील, ते बघितलं आणि दचकले. "म्हणजे तुम्ही साहेबांकडं पाठ करून उभे राहणार?"

"हाव," मास्तर म्हणाले. "बाजा मेरेकू देखता ना."

"तोबा! मास्तर, इथं लहान पोर साहेबांना पाठ दाखवत नाही. उठून जातील ते. तोंड साहेबांकडं ठेवा, बाजा मागं वाजेल."

मास्तरांनी तसं करून बघितलं. चार पावलंही बाजा धड चालला नाही. सनई एकीकडं, ढोल एकीकडं. "घोडा पाठमोरा झाला की आमचे हातच चालत न्हाईत," सटवा रडवेला होऊन म्हणाला. आमच्या ह्यांनी सुचवलं, आडवे उभे राहा. तसं केलं तर अर्ध्यांना मास्तर दिसेनात. आत्याबाईंचा सल्ला सोपा होता, "मेल्या, पाय धर साहेबाचे अन् मोकळा हो. बाजा गेला खड्ड्यात."

"पाय धरीन आई," मास्तर म्हणाले, "पण बाजा झाल्यावर."

कचेरीच्या मैदानात शामियाना होता. आम्ही बायका एका बाजूला बांबूच्या चिकाच्या पडद्याआड. मधोमध उंच पाठीच्या खुर्चीवर तालुकदारसाहेब, त्यांच्या मागं मोठा पंखा घेतलेला पंखेवाला. समोर बाजा मांडून बसलेला, रहीमचाचांचे ओठ पुटपुटत होते. मास्तर आले. काळा कोट, दाढी विंचरलेली. साहेबांसमोर वाकून सात वेळा सलाम केला, अगदी पेशकारांनी शिकवला तसा. आता हे वळणार आणि सगळं संपणार, म्हणून मी डोळेच मिटले.

उघडले तर मास्तर समोर नव्हतेच. ते शांतपणे खुर्चीला वळसा घालून साहेबांच्या मागं गेले, पंखेवाल्याच्या शेजारी उभे राहिले आणि साहेबांच्या पगडीवर काडी उचलली!

पेशकार अर्धवट उठले ते तसेच राहिले. साहेबांच्या डोक्यावर काडी! पण मागं उभं राहून काहीतरी हलवणारा माणूस तर तिथं आधीपासूनच होता, त्याला कोण काय म्हणणार? समोर सगळ्या बाजाची नजर साहेबांच्या दिशेनं खिळलेली, कुणी पापणी हलवीना. साहेबांना वाटलं ही काय अदब! ते सावरून बसले. आणि काडी खाली आली.

आधी नुसत्या घंटा. लांबून. मग गंगारामची सनई, जशी गाय वळणावर मान वर करून हंबरते तशी. मग सटवाचा ढोल, इतका हळू की मला आधी वाटलं माझंच काळीज वाजतंय. पितळी वाद्यं त्यांत एकेक करून मिसळत गेली. ते विलायती होतं की आपलं, हे मला तेव्हाही सांगता आलं नाही आणि आताही येत नाही. मला एवढंच कळलं की उदगीरला आमच्या परसात अशीच संध्याकाळ होते आणि मी तिथं नाहीये. मी ढसाढसा रडले, बाई! शेजारी आत्याबाई बसल्या होत्या, त्याही नाक पुसत होत्या. पंखेवाल्याचा पंखा कधी तालावर हलायला लागला ते त्यालाही कळलं नसेल.

संपलं. साहेब मान न वळवता म्हणाले, "मास्टर साहब, कहाँ हैं आप?"

"हुजूर के पीछेच हूँ."

"ये लोग इतनी देर हमें देख रहे थे या आपको?"

पेशकारांनी कपाळाला हात लावला. मास्तर म्हणाले, "हुजूर, नजर एकच सीध में जाती. पहले आप लगते, बाद में मैं."

साहेब असे हसले की खुर्ची करकरली. मग मागं वळून, मान वर करून त्यांनी मास्तरांकडं नीट बघितलं. मास्तरांच्या दाढीवरून घाम आणि डोळ्यांतलं पाणी एकदमच ओघळत होतं. साहेबांचा आवाज उतरला. "वतन नहीं जाना चाहते?"

"हुजूर, ये जो बजा, वो वहाँ कौन बजाएगा?"

"तो यहीं रहिए," साहेब म्हणाले. "जब तक जी चाहे." पेशकारांना त्यांनी तिथल्या तिथं तसा हुकूम लिहून घ्यायला सांगितला. त्यानंतर मास्तर कचेरीवरून गेले की पेशकारच आधी सलाम करायचे. आडत्यानं पुढं धाकट्या मुलाच्या लग्नाला हाच बाजा बोलावला, फक्त फटाके लावू दिले नाहीत.

भोकर, उदगीर, कुठून कुठून त्यांना बोलावणी यायची. लढाई संपली तरी ते गेले नाहीत. पुढं नांदेडचे दिवस पालटले. रझाकारांची दहशत वाढली, आमच्या गल्लीतली घरं एकेक करून मुलुखाबाहेर जायला निघाली. आमच्या ह्यांनी रोज उद्या उद्या म्हणत बरेच दिवस काढले आणि शेवटी आम्हीही बांधाबांध केली. गल्लीनं आपापल्या घरांच्या किल्ल्या मास्तरांकडं दिल्या. गोऱ्या माणसाच्या वाटेला कुणी जाणार नाही, असा सगळ्यांचा हिशेब. आणि खरंच कुणी गेलं नाही. सगळं शांत झाल्यावर आम्ही परत आलो तेव्हा घरातली चिमटीभर वस्तू हललेली नव्हती. किल्ल्या रहीमचाचांनी आणून दिल्या. मास्तर पावसाळ्यात हिवतापानं गेले होते. रहीमचाचा, गंगाराम आणि सटवा, तिघांनी मिळून त्यांना नदीकडच्या उतारावर माती दिली होती.

पण मी त्यांना शेवटचं बघितलं ते नांदेडच्या ठेसनात. मनमाडकडं जाणारी गाडी, माणसांवर माणसं चढलेली. मास्तर सगळ्या गल्लीच्या किल्ल्या नाड्यात ओवून गळ्यात घालून आले होते आणि डब्याडब्याशी जाऊन विचारत होते. कुणाच्या गाईला पेंड किती, कुणाच्या घरात दिवा कधी लावायचा. माझ्या खिडकीशी येऊन म्हणाले, "वहिनी, मांजर दूध कितना पीती?" मी ओंजळ करून दाखवली.

आत्याबाई खिडकीशी सरकल्या. "मास्तर, चला की आमच्यासंगं. हितं एकटे काय करता?"

"आई, तुम्ही जाऊन राहिले, तुमचं गाव तुमचंच राहतं. कधीही या. मी गेलो तर मेरेकू वापस कौन आने देगा?"

शिट्टी झाली, गाडी हलली. आत्याबाईंनी, ज्यांनी त्यांच्या ताटलीतला तुकडा चिमट्यानं उचलला होता, गजांतून हात बाहेर काढून मास्तरांचा हात धरला आणि सुटेपर्यंत धरून ठेवला. "अरे, मी हाय की येऊ द्यायला!" त्या ओरडल्या. "माझं घर हाय तिथं! ऐकू येऊन राहिलं का तुला?"

मास्तरांनी मान हलवली. "हाव आई, हाव," म्हणाले, आणि गाडीबरोबर चालता चालता फलाट संपला तिथं थांबले.